धान (शब्द)

धान हे मराठीतील एक नाम आहे. तुसासह असलेला तांदूळ व त्याचे उभे पीक हे त्याचे अर्थ होत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत तो रोजच्या वापरातील शब्द आहे.

व्युत्पत्ती

ऋग्वेदात *धाना* हा स्त्रीलिंगी शब्द बहुवचनात येतो. तेथे त्याचा अर्थ भाजलेले दाणे, विशेषतः जवाचे, असा आहे. फारसी *दाना* (बी), लिथुएनियन *दुओना* (पाव) व तोखारी *तानो* (दाणा) हे त्याचे सगोत्र शब्द मानले जातात. त्यांच्या तुलनेवरून एक समान पूर्वरूप कल्पिले जाते. ते कोठेही लिखित स्वरूपात आढळत नाही.

मराठी *धान* मात्र थेट *धाना*पासून आलेले नाही. संस्कृतातील स्वरांमधील एकेरी 'न'चा मराठीत 'ण' होतो (पानीय – पाणी, जन – जण). जोडाक्षराचे प्राकृतात 'ण्ण' व मराठीत 'न' होते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो (कर्ण – कण्ण – कान, पर्ण – पण्ण – पान). त्यामुळे *धाना*पासून 'धाण' झाले असते. *धान* हे *धाना*पासून साधलेल्या *धान्य* या शब्दाचे रूप ठरते: धान्य – धण्ण – धान. मराठी *दाणा* हा शब्द फारसीतून आल्याचे मानतात. म्हणजे *धान* व *दाणा* एकाच मुळाचे, परंतु भिन्न मार्गांनी आलेले शब्द आहेत.

विभक्तिरूपे

प्रमाण मराठीत *धान* नपुंसकलिंगी आहे. पूर्व विदर्भाच्या बोलीत पुल्लिंगी प्रयोगही आढळतो. सामान्यरूप *धाना-* असे होते.

- प्रथमा: धान
- द्वितीया, चतुर्थी: धानास, धानाला
- तृतीया: धानाने
- पंचमी: धानाहून
- षष्ठी: धानाचा, धानाची, धानाचे
- सप्तमी: धानात

सामान्यरूपातील 'आ' वैदिक *धाना*तील नव्हे. तो प्राकृत षष्ठीच्या रूपातून आल्याचे सामान्यतः मानतात. हे पदार्थवाचक नाम असल्याने अनेकवचन क्वचितच होते. संख्या मापाला लागते: 'दोन पोती धान'.

प्रादेशिक वापर

कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात पिकालाही *भात* (संस्कृत भक्त, प्राकृत भत्त) म्हणतात. भंडारा जिल्ह्यात शेतात *धान*, भरडल्यावर *तांदूळ* व शिजल्यावर *भात* असा भेद पाळला जातो. 'धानाची रोवणी', 'धानाचे पुंजणे' व 'धान खरेदी केंद्र' हे तेथील रूढ प्रयोग आहेत.