नाण्यावरचा राजा: जोगळटेंभी ते अंजनेरी

नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी या गावी 1906 साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. मोजणीत नाणी 13,250 हून अधिक भरली आणि सगळी एकाच राजाची निघाली. हा राजा म्हणजे क्षहरात कुळातील शक क्षत्रप नहपान. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास करून 1908 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. तोवर नहपान मुख्यतः लेण्यांतल्या शिलालेखांतून माहीत होता. या साठ्याने त्याचे तोंड हजारो वेळा समोर आणले.

नाणे लहान, साधारण दोन ग्रॅम वजनाचे. पुढच्या बाजूला उजवीकडे पाहणारा राजाची मुखाकृती आहे: डोक्याला पट्टी, मानेपर्यंत केस, कडेने ग्रीक अक्षरे. भाषा मात्र ग्रीक नाही. ‘राञो क्षहरातस नहपानस’ ही प्राकृत ओळच ग्रीक लिपीत उतरवलेली आहे, आणि साचे कोरणाऱ्या बऱ्याच कारागिरांना ती लिपी वाचता येत नसावी, कारण अनेक नाण्यांवर अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या उरल्या आहेत. मागच्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठीत. एका नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या बसवणारा हा राज्यकारभार कोणकोणत्या लोकांशी व्यवहार करत होता, हे त्यावरून कळते.

अडचण चेहऱ्याची आहे. काही नाण्यांवर नहपान तरुण आहे, काहींवर गाल बसलेला म्हातारा. नाक कुठे सरळ तर कुठे गरुडासारखे वाकडे, हनुवटी कधी भरीव तर कधी आत गेलेली. एकाच माणसाचे इतके चेहरे कसे, या प्रश्नाला तीन उत्तरे दिली गेली. एक, एकाच घराण्यातल्या अनेकांनी हे नाव लावले. दोन, कारकीर्द लांबली आणि राजा नाण्यांवरच वयाने वाढत गेला. तीन, कारागिरांपुढे राजा नव्हताच, हातात रोमन नाणी होती आणि त्यांवरच्या डोक्यांची त्यांनी नक्कल केली. पहिले उत्तर सर्वांत दुबळे वाटते. उरलेली दोन एकमेकांना खोडत नाहीत.

रोमन नाणी त्या कारागिरांच्या हाती येणे अवघड नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत बरुगाझा, म्हणजे भडोच, या बंदराचे सविस्तर वर्णन आहे. तिथे रोमचे सोन्याचे आणि चांदीचे नाणे उतरवले जाई आणि स्थानिक नाण्यांत बदलताना त्यावर नफा मिळे. मिनँडर आणि अपोलोडोटस या इंडो-ग्रीक राजांची जुनी नाणी तिथे अजून चालतात, असेही त्यात नोंदले आहे. त्या मुलखाच्या राजाचे नाव पोथीत बिघडून आले असले, तरी तो नहपानच असे बहुतेक अभ्यासक धरतात. नाण्यावर राजाचे डोके आणि ग्रीक अक्षरे ही रीत इंडो-ग्रीकांची, चेहऱ्याची घडण बरीचशी ऑगस्टस आणि टायबेरियस या रोमन सम्राटांच्या दिनारांची, असा हा मिलाफ दिसतो. ऑगस्टस-टायबेरियसची मूळ नाणी भारतात साठ्यांनी सापडतात ती मुख्यतः दक्षिणेत. पश्चिम दख्खनेत ती तुरळकच. इथली रोमन चांदी वितळून क्षत्रपांच्या टांकसाळीत गेली असावी, हे त्याचे पटण्याजोगे कारण आहे. महाराष्ट्रात रोमन सम्राटाचा चेहरा पोचला तो अनेकदा मातीत. तेरसारख्या ठिकाणी टायबेरियसच्या नाण्याच्या नकला असलेली, गळ्यात अडकवायची मातीची पदके मिळाली आहेत.

या पैशाने काय विकत मिळे, ते नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरून ठेवले आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने 3,000 कार्षापण कायम ठेवीत ठेवले, तेही गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे: एका श्रेणीकडे 2,000, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे 1,000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी द्यायचे होते. हिशेब करून पाहावा: 2,000 वर दरमहा 20, वर्षाला 240; आणि वीस गुणिले बारा 240च. एकाही नाण्याचा फरक नाही. याच लेखात 35 कार्षापणांना एक सुवर्ण असा भावही दिला आहे. हे ‘सुवर्ण’ म्हणजे रोमन सोन्याचे नाणे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

जोगळटेंभीचा साठा खरा बोलू लागतो तो त्यातल्या पुन्हा ठोकलेल्या नाण्यांमुळे. 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला आहे: एका बाजूला तीन कमानींचा चैत्य आणि ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ ही अक्षरे, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. नाणी वितळवलेली नाहीत, फक्त त्यांच्यावर मालकी चढवली. असे एक नाणे तिरप्या उजेडात धरले की चैत्याच्या कमानीखालून नहपानाचे नाक बाहेर डोकावते आणि कडेला ग्रीक अक्षराचा एखादा पाय शिल्लक दिसतो. पांडवलेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने आपल्या मुलाला क्षहरात वंशाचा निःपात करणारा म्हटले आहे. राजमातेच्या लेखात अतिशयोक्ती असायचीच, पण इथे हजारो नाणी तिच्या बाजूने साक्षीला उभी आहेत. खुद्द गौतमीपुत्राच्या लेखात, पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे.

ज्याचा चेहरा पुसला, त्याची रीत मात्र जेत्यांनी उचलली. स्वतः गौतमीपुत्राने आणि पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांनीही आपापल्या मुखाकृतीची चांदीची नाणी पाडली. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. गुजरात-माळव्यात शक क्षत्रप चष्टनाच्या वंशाने हा प्रकार सुमारे चौथ्या शतकाच्या अखेरपर्यंत चालवला आणि डोक्यामागे शकवर्ष घालून इतिहासकारांवर मोठे उपकार केले. पुढे त्रैकूटकांची आणि सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाची नाणी त्याच घडणीची झाली. कृष्णराजाच्या नाण्यावर मागच्या बाजूला नंदी असतो. चेहरा तोवर इतका झिजला होता की मूळ नमुना रोमचा, हे सांगूनही पटू नये. नाशिक जिल्ह्यात देवळाणे येथे या नाण्यांचा साठा मिळाला. अंजनेरीच्या भोगशक्तीच्या सुमारे 710 मधील ताम्रपटात ‘कृष्णराज रूपक’ या नावानेच रक्कम मोजली आहे, म्हणजे राजा गेल्यावर शंभरावर वर्षे त्याचे नाणे बाजारात खणखणत होते.

याच अंजनेरीजवळ, त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर, 1980 मध्ये भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था उभी राहिली. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी ती उभारली. नोटा छापणाऱ्या शहराच्या शेजारी जुन्या नाण्यांची शाळा, हा योग कुणी ठरवून आणलेला नसला तरी शोभून दिसतो. छंद म्हणून नाणी जमवणाऱ्यांमध्ये नहपानाचे नाणे लोकप्रिय आहे: साठा मोठा असल्याने ते फार दुर्मीळ नाही, आणि शंभर नाण्यांत चेहऱ्यांची शंभर रूपे मिळू शकतात. मागणी आली की नकली मालही येतो. ओतीव नकलेच्या कडेला साच्याचा सांधा राहतो, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. ठोकलेल्या खऱ्या नाण्यात धातू ठशाखाली दबून बाहेर सरकलेला असतो आणि काठ वेडावाकडा, कधी फाटलेला असतो. दुहेरी ठशाच्या नाण्यात खालची आकृती वरच्या ठशाने चेपली गेलेली दिसली पाहिजे. दोन्ही आकृत्या सारख्याच ठसठशीत असतील तर संशय घ्यावा. जमिनीत सापडलेला साठा 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सरकारला कळवावा लागतो, आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.