एक काबा, चार इमाम

काब्याकडे तोंड करून सगळे मुसलमान एकच नमाज पढतात, हे आपल्याला माहीत असतं. पण कित्येक शतकं खुद्द काब्याच्या अंगणात एकाच वेळच्या नमाजाला चार सुन्नी इमाम असायचे: शाफी, मालिकी, हंबली, हनफी. गंमत म्हणजे हे चारही मझहब एकमेकांना ग्राह्य मानतात. नमाजातला फरक हात कुठे बांधायचे, कधी उचलायचे असल्या तपशिलांचा!

इब्न जुबैर हा अंदलुसी प्रवासी ११८३ मध्ये मक्केला पोचला. त्याने लिहून ठेवलंय की एरवी इमाम पाळीपाळीने नमाज घेत. पण सूर्यास्तानंतरच्या मगरिबची वेळ तोकडी, म्हणून सगळे एकदमच सुरू करत. मग चहूकडून तकबीर, आणि कोणी भलत्याच इमामाच्या आवाजावर वाकायचा. आमच्या भाषेत अस्सल रेस कंडिशन.

१९२४ मध्ये मक्का इब्न सौदच्या ताब्यात गेली आणि त्यानंतर इमाम एकच राहिला. मझहब मात्र संपले नाहीत. आजही त्याच्यामागे आपल्या कोकणातला शाफी वाकण्याआधी हात उचलतो, शेजारचा हनफी उचलत नाही, बरेच मालिकी हात सोडून उभे असतात. नमाज सगळ्यांचाच होतो.

थोडक्यात काय, एका रांगेत उभं राहायला एकसारखं असावं लागत नाही.