कंत्राटी काम की कायम नोकरी?

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात रोजगार शोधणाऱ्यांसमोर हा प्रश्न वारंवार उभा राहतो. दिल्लीतील सरकारी कार्यालये, गुरुग्राम आणि मानेसर येथील वाहन उद्योग, नोएडातील संगणक कंपन्या आणि फरिदाबादचे कारखाने यांमध्ये कायम कर्मचारी आणि कंत्राटी कर्मचारी एकाच छताखाली काम करतात. महाराष्ट्रातूनही अनेक तरुण नोकरीसाठी किंवा स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राजधानीत येतात. हातात पडणारे वेतन पाहूनच बहुतेक जण निर्णय घेतात. मात्र आपला मालक कोण आणि आपले पद कोणत्या स्वरूपाचे आहे, हे दोन प्रश्न वेतनापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरतात, असे गेल्या पंचवीस वर्षांतील न्यायालयीन निकालांवरून दिसून येते.

कंत्राटाचे तीन प्रकार

'कंत्राटी' या एकाच शब्दाने तीन वेगवेगळ्या व्यवस्था ओळखल्या जातात. पहिल्या प्रकारात कर्मचारी कंत्राटदाराचा असतो आणि काम मात्र दुसऱ्याच आस्थापनेत करतो. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, संगणकावर माहिती भरणारे कर्मचारी प्रामुख्याने या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात आस्थापना स्वतःच ठराविक मुदतीसाठी नियुक्ती देते. तिसरा प्रकार रोजंदारीचा किंवा तात्पुरत्या नेमणुकीचा असून, त्यात अनेकदा नियुक्तिपत्रही दिले जात नाही. या तिन्ही प्रकारांतील हक्क सारखे नाहीत.

कंत्राटी कामगारांच्या नियमनासाठी संसदेने १९७० मध्ये कायदा केला. एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत सरकारने रद्द केली, तर तेथील कामगार मूळ आस्थापनेत आपोआप कायम होतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात दिला होता. स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या प्रकरणात ३० ऑगस्ट २००१ रोजी घटनापीठाने तो फिरवला. कंत्राट केवळ दिखाव्यापुरते असल्याचे सिद्ध झाले, तरच कामगार मूळ मालकाचा ठरतो, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले.

वर्षे मोजून नोकरी कायम होत नाही

सरकारी सेवेबाबत १० एप्रिल २००६ चा उमादेवी निकाल निर्णायक मानला जातो. खुल्या स्पर्धेशिवाय नेमलेल्या कर्मचाऱ्याला केवळ प्रदीर्घ सेवेच्या आधारे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे घटनापीठाने स्पष्ट केले. मंजूर पदांवर दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्यांसाठी एकवेळची सवलत तेवढी ठेवण्यात आली.

२४० दिवस भरले की नोकरी पक्की होते, हा समज महाराष्ट्रात विशेष प्रचलित आहे. मुंबई राज्याच्या काळापासून चालत आलेल्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये बदली व तात्पुरत्या कामगारांसाठी तशी तरतूद होती, हे त्याचे कारण आहे. केंद्राच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मात्र २४० दिवसांच्या सेवेमुळे कामगार कपातीपूर्वीची नोटीस आणि भरपाई एवढेच संरक्षण मिळत होते. राजधानीत येणाऱ्या मराठी कामगाराने हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दोन निकाल आणि त्यांसाठी मोजलेली किंमत

अलीकडच्या दोन निकालांनी तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना दिलासा दिला आहे. दिल्लीत मुख्यालय असलेल्या केंद्रीय जल आयोगाने १९९३ ते २००४ या काळात तीन सफाई कामगार महिला आणि एक खलाशी यांना तात्पुरत्या तत्त्वावर नेमले होते. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना कामावरून काढण्यात आले. काम नित्याचे आणि आवश्यक असताना वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुका चालू ठेवणे अन्यायाचे आहे, असे नमूद करून न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने २० डिसेंबर २०२४ रोजी त्यांना पुन्हा कामावर घेऊन कायम करण्याचा आदेश दिला. मधल्या काळातील वेतन मात्र त्यांना मिळाले नाही.

याच खंडपीठाने ३१ जानेवारी २०२५ रोजी गाझियाबाद महानगरपालिकेच्या उद्यान विभागातील माळ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना २००५ मध्ये कामावरून दूर करण्यात आले होते. पुनर्नियुक्ती आणि थकीत वेतनाच्या निम्मी रक्कम देण्याचा आदेश मिळण्यास जवळपास वीस वर्षे लागली. हे निकाल कर्मचाऱ्यांना बळ देणारे असले, तरी न्यायालयीन लढ्यावर भिस्त ठेवून कंत्राट स्वीकारणे किती महाग पडू शकते, हेही त्यांतून स्पष्ट होते.

खासगी उद्योगातील अनुभव याहून वेगळा नाही. मानेसर येथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात कायम आणि कंत्राटी कामगारांमधील तफावत हा २०११ पासूनच्या असंतोषाचा एक मुद्दा होता. तेथे १८ जुलै २०१२ रोजी झालेल्या हिंसाचारात एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर उत्पादनाच्या कामासाठी कंत्राटदारामार्फत कामगार न घेता थेट भरती करण्याचे धोरण कंपनीने जाहीर केले. तथापि थेट भरती झालेल्यांपैकी अनेकांची नेमणूक काही महिन्यांच्याच मुदतीची होती. मालक बदलला, तरी मुदत कायम राहिली.

नव्या संहितांमुळे झालेले बदल

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या आहेत. त्यांनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला त्याच स्वरूपाचे काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याइतकेच वेतन व लाभ द्यावे लागतात. त्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीही मिळते. कायम कर्मचाऱ्यासाठी ही अट पाच वर्षांची आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा २०,००० रुपये असल्यास पंधरा दिवसांच्या वेतनाच्या सूत्रानुसार ही रक्कम प्रत्येक वर्षामागे सुमारे ११,५३८ रुपये होते. मुदत संपल्यावर होणारी सेवासमाप्ती मात्र कामगार कपात मानली जात नाही आणि त्यामुळे कपातीची भरपाई मिळत नाही.

कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते. मात्र कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी ५० किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहेत. १९७० च्या कायद्यात ही मर्यादा २० होती.

कायम नोकरी म्हणजेही आजन्म हमी नव्हे. कामगार कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरते आहे. व्यवस्थापकीय पदावरील कर्मचारी, तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक, औद्योगिक संबंध संहितेच्या 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत.

स्वाक्षरीपूर्वी काय तपासावे?

नियुक्तिपत्रावर कोणाचे नाव आहे, हे सर्वप्रथम पाहावे. कंत्राटदाराचे नाव असल्यास त्याचा परवाना आणि मूळ आस्थापनेशी झालेल्या कराराची मुदत विचारून घ्यावी. सरकारी कार्यालयात पद मंजूर आहे काय आणि निवड जाहिरातीद्वारे झाली आहे काय, याची लेखी नोंद जवळ ठेवावी. भविष्य निर्वाह निधीचे पैसे खात्यात दरमहा जमा होतात की नाही, हे पासबुकात पडताळून पाहावे. हजेरी व वेतनाच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण वाद निर्माण झाल्यास त्याच पुरावा ठरतात.

किमान वेतनाचा दर राहत्या घरावरून नव्हे, तर कामाच्या ठिकाणावरून ठरतो. दिल्लीत १ ऑक्टोबर २०२४ पासून अकुशल कामगारासाठी तो दरमहा १८,०६६ रुपये होता. त्या वेळी हरयाणा व उत्तर प्रदेशातील दर त्याहून बरेच कमी होते. त्यामुळे मेट्रोने अर्ध्या तासात गाठता येणाऱ्या दोन कार्यालयांतही हक्काचे वेतन वेगळे असू शकते.

कुटुंबाची जबाबदारी, कर्ज किंवा आजारपण असलेल्यांसाठी थोड्या कमी वेतनाची कायम नोकरी बहुधा हिताची ठरते. कौशल्य मिळवू पाहणाऱ्या तरुणाला आस्थापनेने थेट दिलेली ठराविक मुदतीची नोकरी उपयुक्त ठरू शकते, परंतु ती केव्हा सोडायची हे त्याने आधीच ठरवायला हवे. नागरी सेवा परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३२ वर्षे आहे आणि कंत्राटात गेलेली वर्षे तीतून वजा होत नाहीत. 'पुढे कायम करू' हे तोंडी आश्वासन कागदावर उतरत नसेल, तर निर्णय घेताना ते हिशेबात धरू नये.