सिलिंडर बदलायचा असतो, भरायचा नसतो: रायगडचा किनारा, गॅस आणि चाकांवरचं घर

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या पत्रातून आला. त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिचं फिरतं घर करून घ्यायला दिलं आहे. झोपायला दोन बाकं, छोटा ओटा, गॅसची शेगडी. दिवाळीनंतर आई, बायको आणि दोन मुलींना घेऊन मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्याने जायचं, असा बेत आहे. त्यांनी इंग्लंडमधल्या एका माणसाचा व्हिडिओ पाहिला. तो माणूस पंपावर जातो, गाडीच्या बाजूला नळी लावतो, स्वयंपाकाची टाकी भरून घेतो आणि निघतो. आमच्या श्रोत्यांचा प्रश्न असा, की अलिबागला अशी टाकी कुठे भरून मिळेल? आणि खाली एक ओळ: "गॅरेजवाला म्हणतो, एक ओळखीचा आहे, घरच्या सिलिंडरमधून भरून देतो, काही होत नाही."

ही शेवटची ओळ वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. मी इतिहास सांगणारा माणूस, फिटर नव्हे. पण इंग्लंडमध्ये टाकी भरतात आणि आपण सिलिंडर बदलतो, या फरकाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की त्या ओळखीच्या माणसाकडे जायचं की नाही, हेही कळतं.

सुरुवात पलीकडच्या किनाऱ्यावरून करू. मुंबईत गॅस आला तो १८६५ साली, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी. बॉम्बे गॅस कंपनी कोळसा भाजून वायू काढायची आणि नळांनी शहरात पुरवायची. लालबागला गॅस कंपनी लेन अजून आहे. हा कोळशाचा गॅस विषारी होता, कारण त्यात कार्बन मोनॉक्साइड असायचा. पण तो हवेपेक्षा हलका. गळला तर वर जायचा, छताजवळच्या झरोक्यातून निघून जायचा. मुंबईकरांच्या तीन-चार पिढ्यांनी गॅस म्हणजे वर जाणारी वस्तू, असंच पाहिलं.

आपल्या सिलिंडरमधला गॅस वेगळा. अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंचा छडा लावला. प्रोपेन आणि ब्युटेन. साध्या दाबाखाली त्यांचं पाणी होतं, म्हणजे द्रव होतो, आणि दाब काढला की पुन्हा वायू. एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर वायू. नळ नको, कंपनी नको, पोलादाच्या बाटलीत शहरभराचा विस्तव उचलून नेता येतो! इंग्लंडमध्ये कॅलोर गॅस १९३५ मध्ये सुरू झाला आणि तिथल्या कॅराव्हॅनवाल्यांना तो आयताच मिळाला. त्याआधी त्या गाड्यांत तेलाचे स्टोव्ह असायचे. गंमत म्हणजे तिथेही सुरुवात बाटली बदलण्यानेच झाली. पंपावर नळी लावायची सोय फार नंतरची.

पण हा वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली बसतो आणि उताराने वाहतो. त्याला स्वतःचा वासही नाही; आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. जमिनीलगत साचलेला गॅस उभ्या माणसाच्या नाकापर्यंत पोचायला वेळ लागतो.

आता भारत. १९५४-५५ मध्ये ट्रॉम्बे-माहुलला स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. तेल शुद्ध करताना हा वायू निघतोच, त्याचं काय करायचं हा प्रश्न होता. बर्मा शेलने १९५५ मध्ये तो मुंबईत घरगुती इंधन म्हणून विकायला काढला. नाव बर्शेन. जुन्या गिरगावकरांच्या, दादरकरांच्या तोंडी हे नाव अजून सापडतं. कोसानगॅस नावाची दुसरी कंपनी होती, ती पुढे १९७९ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये गेली. आणि बर्मा शेल झाली भारत पेट्रोलियम.

नावं बदलली, पद्धत बदलली नाही. सिलिंडर तुमचा नसतो. तुम्ही अनामत भरता, बाटली कंपनीची राहते. रिकामी झाली की ती जाते आणि दुसरी येते. आपण "गॅस भरून आणला" म्हणतो, पण आपण काहीही भरलेलं नसतं. भरणं होतं बॉटलिंग प्लांटमध्ये, काट्यावर, वजनाने. ते वजनानेच का, हे बघा. घरच्या सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर ३३.३ लिटर मावेल. त्यात गॅस भरतात १४.२ किलो. एवढ्या द्रवाला साधारण २६ लिटर जागा लागते. म्हणजे पाचातला एक भाग मुद्दाम रिकामा. हा द्रव उन्हाने फुगतो, पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. फुगायला जागा नसेल तर तो पोलादाला आतून रेटतो. प्रत्येक फेरीला प्लांटमध्ये वजन होतं, वॉशर पाहतात, आणि ठरावीक वर्षांनी बाटलीची दाबाची चाचणी होते. ही चाचणीची तारीख सिलिंडरच्या मुठीजवळच्या पट्टीवर आतून लिहिलेली असते. बी २७ म्हणजे २०२७ च्या जूनअखेर. ए मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. घेताना ती तारीख उलटून गेलेली दिसली तर सिलिंडर परत करायचा, यात संकोच नको.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. १९७४ मध्ये सागर सम्राट जहाजाला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. समुद्राच्या तळातून नळ आले ते उरणला. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता, रायगड नाव १९८१ चं. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात वायूपासून एलपीजी वेगळा होऊ लागला. थळला खताचा कारखाना, नागोठण्याला गॅस क्रॅकर, उसरला गेलचा प्रकल्प, सगळं या वायूच्या वाटेवर. पण या वाटेवरच्या घरांत काय होतं? नागाव, चौल, रेवदंड्याच्या वाड्यांमध्ये सोडणांवर पाणी तापत होतं आणि भात चुलीवर शिजत होता. पायाखालून गॅस जात होता आणि लोक गॅसच्या नंबरासाठी वर्षानुवर्षं थांबत होते. खासदारांच्या कोट्यातलं गॅसचं कूपन मिळवणं म्हणजे घरात लग्न जमल्याइतका आनंद. आजच्या मुलांना ही अतिशयोक्ती वाटेल, नाहीये.

टंचाईनेच दुसरा धंदा जन्माला घातला, त्याकडे येतोच. आधी नागोठणं. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या क्रॅकर प्रकल्पात वायूची गळती झाली. इथेन आणि प्रोपेन. वायूचा ढग पसरला, त्याला ठिणगी मिळाली आणि तीसहून अधिक माणसं गेली. त्या भागातल्या जुन्या कामगारांशी गॅसबद्दल बोलून बघा, आवाज खाली येतो. शेगडीच्या गळतीची त्याच्याशी तुलना नाही हे मान्य. पण प्रोपेन तोच. आणि फिरतं घर म्हणजे सहा-सात फूट रुंद, बंद काचांचा डबा. तिथे ढग व्हायला कारखाना लागत नाही. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की पेट घ्यायला पुरे.

आता तो दुसरा धंदा. नव्वदच्या दशकात पेट्रोल महाग, घरगुती गॅस अनुदानाचा. तेव्हा मारुती व्हॅन आणि रिक्षांमध्ये घरचा लाल सिलिंडर ठेवून गाड्या पळायच्या. तो भरायला गल्लीच्या मागे एक खोली, एक सिलिंडर उलटा, एक सुलटा, मध्ये नळी, नाहीतर छोटा पंप. काटा नाही. किती भरला ते अंदाजाने! सरकारने २००० मध्ये मोटार वाहन कायदा बदलून एलपीजीला गाडीचं इंधन म्हणून मान्यता दिली आणि २००१ मध्ये त्याचे नियम आले. २००० च्याच आदेशाने घरगुती सिलिंडर इतर कामाला वापरायची बंदी अधिक स्पष्ट केली. तरी खोल्या बंद झाल्या नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ ताथवड्याला टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना एकामागून एक स्फोट झाले आणि शेजारी उभ्या शाळेच्या बस जळाल्या. रविवारची रात्र होती, बस रिकाम्या होत्या.

आमच्या श्रोत्यांच्या गॅरेजवाल्याचा "ओळखीचा" या परंपरेतला आहे. त्याच्याकडे काटा नसतो, आणि असला तरी रिकामी ठेवायची जागा ठरवणारं कोणी नसतं. सकाळी गार असताना गळ्यापर्यंत भरलेली बाटली दुपारी काशिदच्या वाळूवर, पत्र्याच्या गाडीत. पुढचं मी बोलत नाही.

मग इथल्या पंपावरचा गॅस का नाही? ऑटो एलपीजीचे पंप गाडीला कायमच्या बसवलेल्या इंधनटाकीसाठी आहेत. सुटा सिलिंडर तिथे भरायला मनाई आहे. आणि "इंजिनाच्या टाकीतूनच शेगडीला नळी काढू" म्हणणारे हुशार लोकही मला भेटले आहेत. इंजिनाची टाकी तळातून द्रव देते. शेगडीला वरचा वायू हवा असतो. त्या नळीतून बर्नरवर द्रव आला तर एका लिटरचे अडीचशे लिटर तिथेच, ओट्यावर. सिलिंडर आडवा ठेवू नये, त्याचंही कारण हेच.

चाकांवरच्या स्वयंपाकाची सर्वात वाईट बातमी आपल्याकडे रेल्वेतून आली. २६ ऑगस्ट २०२३, मदुराई. लखनौहून निघालेल्या पर्यटकांचा खासगी डबा यार्डात उभा होता. रेल्वेत सिलिंडर न्यायला बंदी असूनही तो आत होता. पहाटे चहा करायला पेटवला. नऊ माणसं गेली. तीर्थयात्रेला निघालेली, पहाटेच्या चहाची सवय असलेली माणसं. आपल्या घरातली असतात तशीच.

तर श्रोते महाशय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: अलिबागला टाकी भरून मिळणार नाही, आणि मिळाली तर घेऊ नका. टाकी बसवूच नका. ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. इंडियनऑइल त्याला छोटू म्हणते. तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो, काही पंपांवरही असतो, आणि रिकामा देऊन भरलेला घेता येतो. घरच्या लाल सिलिंडरपेक्षा महाग पडतो, पण अनुदानाचा गॅस सहलीला नेणं नियमात बसतही नाही.

गॅरेजवाल्याला मात्र एक काम सांगा. सिलिंडरसाठी वेगळा कप्पा, घराच्या आतल्या बाजूने पूर्ण बंद, दार फक्त बाहेरून, आणि कप्प्याच्या तळाला भोक, थेट रस्त्यावर उघडणारं. मी एक भाड्याची गाडी पाहिली होती, तिच्यात मालकाने जाळी छताला लावली होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या कोळशाच्या गॅसला ती शोभली असती. भोक तळालाच हवं, आणि ते एक्झॉस्टपासून लांब. गॅसचा अलार्म लावणार असाल तर तोही जमिनीजवळ.

सिलिंडर उभा, पट्ट्याने आवळलेला. रबरी नळी आयएसआय खुणेची सुरक्षा नळी. कार्ले खिंडीतले आणि साळाव-मुरूड रस्त्यावरचे हादरे आपल्या घरच्या ओट्याला बसत नाहीत, तेव्हा दर सहलीआधी साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड बघायचा. काडी लावून नाही. खारी हवा लोखंड खाते. सिलिंडरच्या बुडाची रिंग आणि कप्प्यातले क्लॅम्प आधी गंजतात. गाडी सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद. पेट्रोल पंपावर शिरताना, मांडव्याच्या रो-रोच्या रांगेत लागताना पुन्हा एकदा हात लावून खात्री करायची. बोटीवरच्या माणसाला गाडीत सिलिंडर आहे हे आधी सांगायचं आणि तो नाही म्हणाला तर वडखळमार्गे जायचं.

आणि शेगडीवर गाडी गरम करायची नाही. बंद जागेत कोणतीही ज्योत अर्धवट जळली की तोच जुना कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. तिथे जनरेटरचा धूर आत आला होता, गॅसचा संबंध नव्हता. पण बंद काचा त्याच. स्वयंपाक करताना एक खिडकी उघडी, आणि झोपण्यापूर्वी सिलिंडरवरून बंद, फक्त शेगडीच्या बटणावरून नाही.

गळतीचा वास आलाच तर दिवा लावायचा नाही आणि बंदही करायचा नाही, दोन्हींत ठिणगी असते. सगळ्यांना बाहेर काढायचं, वाऱ्याच्या दिशेला नाही तर वाऱ्याकडे तोंड करून लांब जायचं, मग १९०६ ला फोन. चोवीस तास चालतो. मुलींना हा आकडा पाठ करून ठेवा, नेटवर्क नागावला येतं, दिवेआगरच्या काही भागांत मला आलं नव्हतं.

बाकी आईंना विचारून बघा, त्यांच्या घरी गॅस कोणत्या साली आला. तारीख सांगतील, बहुतेक वारही सांगतील. ते उत्तर मला नक्की कळवा, पुढच्या भागात नंबरच्या दिवसांबद्दल बोलायचं आहे.