ट्रिक नव्हे, कारण

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत एक मत जवळपास सर्वमान्य झाले आहे : रिझनिंगमध्ये विचार करत बसायला वेळच नसतो, ट्रिक पाठ कराव्यात, सेटमागून सेट सोडवावेत, वेग आपोआप येतो. या पूर्वपक्षात बळ आहे. आयबीपीएसच्या पीओ पूर्वपरीक्षेत रिझनिंगच्या 35 प्रश्नांना 20 मिनिटे मिळतात, म्हणजे प्रश्नामागे जेमतेम 34 सेकंद. शिवाय चुकलेल्या उत्तरामागे पाव हिस्सा गुण कापले जातात. अशा वेळी आयती युक्ती कोणाला नको असेल?

तरीही हे मत कसोटीला उतरत नाही. एक साधा प्रश्न घेऊ. सर्व तलाठी पदवीधर आहेत. काही पदवीधर कवी आहेत. मग काही तलाठी कवी आहेत का? ‘सर्व अधिक काही, निष्कर्ष नाही’ ही ट्रिक इथे बरोबर उत्तर देते. आता निष्कर्ष बदलू : सर्व तलाठी कवी असण्याची शक्यता आहे. ट्रिकवाला पुन्हा ‘नाही’वर खूण करतो आणि गुण गमावतो, कारण दिलेल्या विधानांत ही शक्यता नाकारणारे काहीच नाही. पहिले उत्तर ‘नाही’ का आले, हे ज्याला कळले होते, त्याला दुसरे ‘होय’ लगेच दिसते. कवी असलेले पदवीधर तलाठ्यांच्या वर्तुळाबाहेर असू शकतात, तसेच आतही असू शकतात.

पदवीधर आहे म्हणून कवीही असेल, असे धरण्याची चूक आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली आहे. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करता येते. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. साध्य (जे सिद्ध करायचे ते, इथे धूर) असते तिथेही आणि नसते तिथेही जो हेतू (ज्यावरून अनुमान करायचे ते, इथे अग्नी) सापडतो, त्याला न्यायशास्त्र मानणाऱ्या नैयायिकांनी सव्यभिचार म्हटले आणि हेत्वाभासांत, म्हणजे सदोष हेतूंत, गणले. वरच्या प्रश्नातले ‘पदवीधर’ हे पद तसेच आहे : पदवीधर कवी असू शकतो, तसा नसूही शकतो. अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ नवशिक्यांसाठी लिहिला, आणि त्यातही हेत्वाभास शिकवले. हेतू तपासणे हा पहिला धडा आहे, फावल्या वेळचा विषय नव्हे.

आता वेगाचा मुद्दा. गोलाकार बैठकव्यवस्थेच्या एका कोड्यावर बहुधा पाच प्रश्न बेतलेले असतात. एखाद्या अटीतून दोन मांडण्या निघत असताना घाईने एकच धरली, की पाचही प्रश्न हातचे जातात. किंवा सगळी आकृती खोडून पुन्हा मांडावी लागते. खरा वेळ खाते ती ही खोडाखोड. दोन्ही आकृत्या शेजारी काढून पुढच्या अटीने एक बाद करणारा विद्यार्थी सावकाश वाटतो, पण त्याला मागे फिरावे लागत नाही. वेग येतो तो या शिस्तीतून.

म्हणून सराव जरूर करावा, पण वेगळ्या रीतीने. सेट संपल्यावर गुण मोजून पान उलटू नये. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली एक वाक्य लिहावे : मी कोणती गोष्ट दिलेली नसताना गृहीत धरली? बरोबर आलेल्या प्रश्नातही चुकीचा पर्याय खोडून काढणारे एक प्रतिउदाहरण रचावे. असे वीस प्रश्न अंदाजाने उरकलेल्या दोनशे प्रश्नांपेक्षा अधिक शिकवतात. प्रश्नाची धाटणी दरवर्षी बदलू शकते. कारण ओळखण्याची सवय मात्र नव्या धाटणीलाही पुरते, आणि उद्या अधिकारी म्हणून फाइलीवर शेरा मारतानाही तीच लागणार आहे.