झिजायचे कोणी?

झरी आणि जामणी या दोन गावांच्या जोडनावाचा यवतमाळ जिल्ह्यातला तालुका पैनगंगेच्या काठचा, कापसाचा. इथे घराच्या पडवीत लहानसा लेथ मांडून बसलेल्या कारागिरापुढे एक प्रश्न उभा राहतोच : दांडा ज्यात फिरतो तो बुश कशाचा घालायचा? प्रश्न यंत्रयुगातला वाटतो. पण या मुलखाने तो बंडीच्या आणि चरख्याच्या काळीच सोडवून ठेवला होता.

बंडीच्या चाकाचा तुंबा बाभळीचा. आख लोखंडाचा झाला तेव्हा तुंब्यात लोखंडाची नळीही आली. पण लोखंडावर लोखंड कोरडे घासले की दोन्ही एकमेकांना ओरबाडतात. म्हणून बंडीखाली वंगणाचे नळकांडे लटकू लागले.

चरख्याची तऱ्हा अधिक शहाणी. त्याची चाती चमरखात, म्हणजे चामड्याच्या तुकड्यात, फिरते. चामडे तेल पिऊन राहते, स्वतः झिजते आणि चातीला वाचवते. झिजले की जुन्या जोड्याचा तुकडा कापून नवे करता येते. आयझॅक बॅबिटने 1839 मध्ये अमेरिकेत ज्या बेअरिंगचे पेटंट घेतले, त्यातला मऊ मिश्रधातू कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचा होता. त्यामागेही हेच तत्त्व : अस्तर मऊ असावे, कचरा त्यात रुतावा, महागडा दांडा शाबूत राहावा. चमरखाला मात्र कोणी पेटंट घेतले नाही.

1929 मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत 16,000 फूट सूत, किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षे टिकाऊपणा, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशा अटी होत्या. चर्चा बहुधा सुताच्या लांबीची होते. मला शेवटच्या दोन अटी खऱ्या कठीण वाटतात. वेग वाढला की चामडे पुरत नाही, धातूचा बुश लागतो. आणि धातूचा बुश आला की तो ओतणारा, कातणारा माणूस गावात हवा. किर्लोस्करवाडीत तयार झालेले काळे यांचे यंत्रही तपासले गेले. बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही.

पडवीतल्या लेथचा पेच अजून तोच आहे. साध्या पोलादी स्पिंडलला गनमेटल चांगले मानवते : 88 भाग तांबे, 10 कथिल, 2 जस्त. भंगारातले पितळ रंगाने तसेच दिसते, पण त्यात कथिलाऐवजी जस्त भरलेले असते आणि ते वेगात लवकर उतरते. फॉस्फर ब्राँझ टणक. त्याला दांडाही पाणी दिलेला हवा, नाहीतर बुश राहतो आणि दांडा जातो. बिडातले ग्राफाइट स्वतःच थोडे वंगण पुरवते, तेल वेळेवर मिळाले तर बीड वर्षानुवर्षे चालते. नायलॉन स्वस्त खरे, पण ते ओल शोषून फुगते आणि उष्णता धरून ठेवते. लेथच्या स्पिंडलला ते घालू नये, हातपंपासारख्या संथ कामाला चालते.

दुकानदार आधी भाव सांगतो. कारागिराने आधी आपला दांडा कानशीने घासून पाहावा. कानस सहज चावली तर दांडा मऊ आहे, गनमेटल घ्यावे. घसरली तर ब्राँझचा विचार करावा.