नव्या विद्यार्थ्याचा सोबती : कॉलेजमध्ये ‘पीअर मेंटॉर’ कसे व्हावे?

बारावीचा निकाल लागला की घराघरात धावपळ सुरू होते. फॉर्म, कॅप राउंड, दाखले, फीची जुळवाजुळव. प्रवेश पक्का झाला की सगळे सुटलो म्हणतात. खरी अडचण मात्र त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत येते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेले आहे, तिथे क्रेडिट, इंटर्नल, एटीकेटी हे शब्दच नवीन असतात. अब्बा-अम्मीला ते माहीत नसतात, प्राध्यापकांना विचारायला भीड वाटते आणि वर्गात विचारले तर पोरं हसतील ही भीती असते. मग मूल गप्प बसते. आधी एक लेक्चर चुकते, मग एक फॉर्म, आणि कधी कधी वर्षच हातचे जाते.

अशा वेळी एक-दोन वर्षे पुढे असलेला, त्याच वाटेने गेलेला कोणी भेटला तर निम्मे काम होते. या सोबत्यालाच पीअर मेंटॉर, म्हणजे विद्यार्थी मार्गदर्शक म्हणतात. हे काम शिकता येते आणि आपल्या मुला-मुलींनी ते जरूर शिकावे.

नियम काय सांगतो?

बऱ्याच पालकांना माहीत नसते, पण ही व्यवस्था नियमात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2009 मध्ये रॅगिंग रोखण्यासाठी नियमावली काढली. शिक्षा, समित्या आणि हमीपत्र हा तिचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच नियमावलीत असेही म्हटले आहे की प्रत्येक संस्थेने शैक्षणिक वर्ष संपताना पुढच्या वर्षासाठी ‘मेंटॉरिंग सेल’ तयार करावा. त्यात स्वखुशीने पुढे आलेले विद्यार्थी असावेत. सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर, आणि अशा सहा मेंटॉरवर वरच्या वर्गातला एक मेंटॉर, असे प्रमाण दिले आहे. मदतीसाठी कोणाकडे जायचे याची माहिती देणारे छापील पत्रकही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मिळायला हवे.

यामागचा विचार सरळ आहे. सीनियर आणि ज्युनियर यांच्यात भीतीऐवजी ओळख झाली, तर रॅगिंगला जागाच उरत नाही. पुढे 2019 मध्ये यूजीसीने ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली. नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजात रुळवण्याचा कार्यक्रम कसा घ्यावा, हे तिच्यात सांगितले आहे. आयआयटी मुंबईत तर हे काम अनेक वर्षे नीट बसलेले आहे. तिथे वरच्या वर्षांचे विद्यार्थी मुलाखत आणि सोबतच्या विद्यार्थ्यांचा अभिप्राय यांवरून मेंटॉर म्हणून निवडले जातात.

बऱ्याच ठिकाणी मात्र हा सेल कागदावरच असतो. म्हणून विचारणे गरजेचे आहे. प्रवेश घेतानाच ऑफिसमध्ये विचारा, “मेंटॉरिंग सेल कोण बघतं? माझा मेंटॉर कोण?”

प्रशिक्षणात काय शिकवतात?

प्रशिक्षण किती दिवसांचे आणि कसे घ्यायचे हे कॉलेज ठरवते. चांगल्या प्रशिक्षणात या पाच गोष्टी असतातच.

1. ऐकणे. हे सगळ्यात अवघड. आपल्याला सल्ला देण्याची घाई असते. सरावासाठी जोड्या लावतात. एकाने नवा विद्यार्थी व्हायचे, दुसऱ्याने मेंटॉर. नवा म्हणतो, “मला इथं करमत नाही, घरी जावंसं वाटतं.” पहिल्या खेपेला बहुतेक जण पटकन म्हणतात, “अरे, होईल सवय.” बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी “कधीपासून असं वाटतंय?” एवढेच विचारले, तर पुढची गोष्ट बाहेर येते. कदाचित मेसचा प्रश्न असेल, रूमवर कोणी त्रास देत असेल किंवा फीचा हप्ता थकला असेल.

2. नेमकी माहिती. मेंटॉरला आपले कॉलेज तळहातासारखे माहीत हवे. हजेरीचा 75 टक्क्यांचा नियम, इंटर्नलचे गुण कसे मिळतात, एटीकेटी म्हणजे काय, नव्या शैक्षणिक धोरणातले मेजर-मायनर विषय कसे निवडायचे, क्रेडिट जमा होणारे एबीसी खाते कसे उघडायचे. शिष्यवृत्तीत तर बारीक गोष्टीच आडव्या येतात. महाडीबीटीवर अर्ज दर वर्षी भरावा लागतो. बँक खाते आधारशी जोडलेले लागते. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही, कारण तो कॉलेजच्या लॉगिनला अडकून राहू शकतो किंवा त्रुटी काढून परत येऊ शकतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात 100 टक्के लाभ देणारा 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे. तो ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींसाठी आहे. आपल्यातील ओबीसी बिरादरींच्या कित्येक मुलींना तो लागू होऊ शकतो, पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर वेळेवर काढलेला नसतो. हे जूनमध्ये सांगणारा कोणी असेल तर पुढची धावपळ वाचते.

3. योग्य माणसाकडे नेणे. मेंटॉर हा डॉक्टर, वकील किंवा समुपदेशक नाही. रॅगिंगची तक्रार रॅगिंगविरोधी समितीकडे, मुलीच्या छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, मनाचा ताण समुपदेशकाकडे. फक्त “तिकडे जा” म्हणू नये. “चल, मी येतो सोबत” असे म्हणावे. पहिल्यांदा त्या दारापर्यंत सोबत जाणे हेच मेंटॉरचे मोठे काम.

4. गुपित आणि त्याची हद्द. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट अमानत असते. ती ग्रुपवर, मित्रांत किंवा त्याच्या घरच्यांपर्यंतही जाता कामा नये. पण कोणी जीव द्यायची भाषा केली, कोणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर गप्प बसता येत नाही. अशा वेळी प्रभारी प्राध्यापकांना लगेच सांगायचेच. ही अट पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगून ठेवावी.

5. आपली मर्यादा. ज्युनियरचे जर्नल लिहून देणे, त्याला पैसे उसने देणे, रात्री दोनला प्रत्येक फोन घेणे हे मेंटॉरचे काम नाही. कोणी काय घालावे, कोणी नमाज पढली की नाही, कोणाशी बोलावे, याची चौकशी करणे तर मुळीच नाही. नवा विद्यार्थी कोणत्याही जातीधर्माचा असो, वागणूक एकच.

उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी

इथे आपल्या सीनियर मुलांची गरज सर्वांत जास्त आहे. उर्दू शाळेत दहावी झालेला मुलगा विज्ञानात कच्चा असतोच असे नाही. त्याला ‘उन्सुर’ माहीत असतो, वर्गात ‘एलिमेंट’ ऐकू येते आणि शेजारचा ‘मूलद्रव्य’ म्हणतो. ‘खलिया’, ‘सेल’ आणि ‘पेशी’ ही एकाच गोष्टीची तीन नावे. ‘ज़ियाई तालीफ’ म्हणजेच प्रकाशसंश्लेषण, म्हणजेच फोटोसिंथेसिस. मुलाला वाटते आपल्याला काहीच येत नाही. खरे तर येत असते, नाव बदललेले असते.

साधा उपाय म्हणजे तीन रकान्यांची वही. एका रकान्यात उर्दू, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. रोज दहा शब्द. ही वही जो मेंटॉर स्वतः वापरून पुढे गेला, तोच ती दुसऱ्याला पटवून देऊ शकतो. तसेच जुम्याच्या वेळेत प्रॅक्टिकल आले तर बॅच बदलण्यासाठी कोणाशी आणि कसे बोलायचे, हेही सीनियरच सांगू शकतो. न बोलता गैरहजर राहण्यापेक्षा आधी अर्ज देणे केव्हाही बरे.

अर्ज कसा करावा?

- सेल वर्षअखेरीस तयार होतो, म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्येच चौकशी करा.
- गुण फार लागतात असे समजू नका. एटीकेटीतून बाहेर आलेला विद्यार्थीही उत्तम मेंटॉर होतो.
- अर्जात दोन गोष्टी लिहा : मला पहिल्या वर्षी काय अडचण आली, आणि मी त्यातून कसा सुटलो.
- कॉलेजात सेल नसेल तर चार-पाच जणांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. त्यात 2009 च्या यूजीसी नियमावलीचा उल्लेख करा आणि पोच घ्या.
- मुलींना मेंटॉर मुलगीच मिळावी असे वाटत असेल तर तसे आधीच सांगा. त्यासाठी मुलींनी मेंटॉर व्हायला पुढे येणेही तितकेच जरुरी आहे.

पालकांसाठी दोन शब्द

“दुसऱ्यांची पोरं सांभाळत बसशील तर अभ्यास कधी करशील?” हे वाक्य कित्येक घरांत ऐकू येते. आठवड्यातून दोन-तीन तासांचे हे काम आहे. त्यातून मुलगी चार लोकांत बोलायला शिकते, ऑफिसची कामे ओळखते, आणि नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखे तिच्याकडे काहीतरी असते. परीक्षेच्या दिवसांत काम कमी करायची मुभा मात्र तिने आधीच मागून घ्यावी.

लक्षात ठेवायचे नंबर दोन : रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522, आणि मानसिक ताणासाठी टेलिमानस 14416. दोन्ही मोफत आणि चोवीस तास सुरू असतात. मुलाच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करून द्या. ज्यांची मुले या वर्षी एसवायला गेली आहेत, त्यांनी घरी एकदा विचारावे : तुझ्या कॉलेजात नव्या मुलांना वाट दाखवणारं कोणी आहे का? नसेल, तर तू होशील का?